मामा तलावापाशी गाडी का थांबते?

भंडाऱ्याहून गाडी ठरवताना बहुतेक जण एकच विचारतात, "वाघ दिसेल ना?" कोका अभयारण्य शहराजवळच आहे, नागझिराही लांब नाही, तिकडे नेतोच. पण वाघ आमच्या हातात नाही, तलाव आहेत.

'मामा तलाव' ऐकलं की पाहुणे हमखास विचारतात, "कोणाच्या मामाचा?" मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं जमिनीचा उतार हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचं पाणी अडवलं. पाळीखाली धान पिकलं, पाण्यात ढिवरांची मासेमारी चालली. शेतातल्या लहान तळ्याला इथे बोडी म्हणतात. पुढे तलाव मालगुजारांकडे गेले, १९५१ साली मालगुजारी संपली आणि ते सरकारजमा झाले. पाळीची डागडुजी करणारी गावकी विस्कटली, गाळ साचत गेला. तरी ऑगस्टात धानाची रोवणी चालू असताना पाळीवर पाच मिनिटं उभे राहा. वाघाची आठवण येत नाही, हा आमचा अनुभव. इथला सुवासिक चिन्नोर तांदूळ त्याच पाण्यावरचा.

दुसरा थांबा पवनी. वैनगंगेकाठचं हे गाव मंदिरांसाठी ओळखलं जातं, पण जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. फलक वाचून लगेच परतू नका. जुना तट आणि खंदकही बघा. वेळ उरला तर गोसीखुर्द धरण.

खरेदी करायची असेल तर मोहाडी तालुक्यात आंधळगावला चला. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, आणि त्याचं हातमागावरचं कापड. करवतीच्या दातांसारखा काठ असलेली साडी विणायला दिवस जातात, तेव्हा विणकरांशी घासाघीस जरा बेतानं. भंडाऱ्याची पितळी भांडीही नावाजलेली. वजन बघून घ्या. तुमसरकडच्या चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी आम्ही रस्त्यावरूनच दाखवतो.

दिवाळीनंतर आलात तर रात्रीची गाडी सांगून ठेवा. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाची, नाटकं गावोगावी रात्रभर चालतात, आणि आमचे चालक मधेच उठून यायला तयार नसतात. जंगलात सकाळच्या फेरीला जायचं असेल तर आदल्या दिवशीच कळवा. पावसाळ्यात जंगल बंद असतं. तेव्हा फक्त तलाव.