विमानातल्या वँकेल इंजिनाचं तापमान: काटा दाखवतो ते नेमकं कशाचं?

वँकेल रोटरी इंजिनात पिस्टन नसतो आणि व्हॉल्व्हही नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो. हवा ओढणं, दाबणं, पेटवणं आणि बाहेर टाकणं ही कामं त्या पोकळीच्या ठरलेल्या भागांत होतात. पिस्टन इंजिनात गार मिश्रण आणि पेटता वायू एकाच जागी आळीपाळीने येतात. इथे ठिणगीची बाजू सतत भाजत असते आणि हवा आत येते ती बाजू त्या मानाने गारच राहते.

माझ्दाचं 13बी हे या जातीतलं सगळ्यांत ओळखीचं इंजिन. 654 घनसेंटिमीटरच्या दोन कक्षांचं, एकूण 1308 घनसेंटिमीटरचं. मुळात ते मोटारीचं, पण अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींनी ते आपल्या विमानांत बसवलं. रोटरभोवतीचं हाऊसिंग ॲल्युमिनियमचं, बाजूच्या प्लेटा ओतीव लोखंडाच्या, आणि ही सगळी चळत लांब बोल्टांनी आवळलेली. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. दोघांमधल्या फटीतून कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) आत शिरू नये म्हणून रबरी सील असतात. इंजिन एकदा जरी बेसुमार तापलं तरी हाऊसिंग वाकू शकतं, सील जळू शकतात आणि कूलंट थेट ज्वलनकक्षात उतरू शकतं. मोटारीत पूर्ण ताकद काही सेकंदच लागते. विमान मात्र पूर्ण ताकदीवर कित्येक मिनिटं चढत राहतं, तेही कमी वेगात, म्हणजे रेडिएटरवर वारा कमी असताना.

(पहिल्या महायुद्धातली विमानांची रोटरी इंजिनं वेगळी. त्यांत अख्खं इंजिनच पंख्याबरोबर फिरायचं आणि वाऱ्यानेच गार व्हायचं. कूलंटचा प्रश्नच नव्हता.)

हलकं, आटोपशीर आणि कमी थरथरणारं म्हणून वँकेल इंजिन मानवरहित विमानांतही शिरलं. आपल्याकडे ‘निशांत’ या टेहळणी विमानासाठी 55 अश्वशक्तीचं वँकेल इंजिन तयार झालं. त्यात बंगळुरूच्या ‘एनएएल’ आणि ‘एडीई’ या विमान-संशोधन संस्थांबरोबर अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) ‘व्हीआरडीई’ ही वाहन-संशोधन संस्थाही होती. ते घेऊन ‘निशांत’ 2009 मध्ये कोलारला उडालं.

आता मोजमापाकडे. गेजवर दिसतो तो आकडा इंजिनाचा नसतो. तो सेन्सरच्या टोकाचा असतो. त्या टोकाला इंजिनाचं तापमान ‘मिळतं’ की नाही, हे सेन्सर कुठे बसवला यावर ठरतं.

उदाहरणादाखल धरू की इंजिन कूलंटमध्ये 80 किलोवॅट उष्णता सोडतं आणि पंप मिनिटाला 120 लिटर कूलंट फिरवतो. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असतील, तर आत जाणारा आणि बाहेर येणारा कूलंट यांत साधारण 11 अंशांचा फरक पडतो. ‘माझं इंजिन 85 वर चालतं’ असं कुणी म्हणालं, तर ते बाहेर पडताना 85 की आत शिरताना 85, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. माझ्या मते दोन्हीकडे सेन्सर हवेत. फरक अचानक वाढला तर बहुधा प्रवाह मंदावलाय. फरक तेवढाच राहून दोन्ही आकडे वर गेले, तर रेडिएटरला वारा कमी पडतोय.

यापेक्षा धोकादायक गोष्ट म्हणजे सेन्सर कोरडा पडणं. पाइप सुटला, कूलंट वाहून गेला, की सेन्सरभोवती नुसती हवा आणि वाफ उरते. वायूतून उष्णता फार हळू पोहोचते. इंजिन भाजत असतं आणि काटा मात्र जागच्या जागी, कधी तर चक्क खाली येतो. तापाने फणफणलेल्या माणसाच्या खिशात थर्मामीटर ठेवून ताप मोजावा, तसंच हे. सेन्सर सर्वांत उंच कोपऱ्यात बसवला आणि तिथे हवेचा बुडबुडा अडकला, तर गळती नसतानाही हेच घडतं. म्हणून तापमानाच्या शेजारी कूलंटच्या दाबाचा गेज हवा. गळती लागली की दाब आधी पडतो आणि तिथेच लाल दिवा लागला पाहिजे.

चुकीचं दुसरं मूळ विजेच्या तारांत असतं. मोटारीत सर्रास वापरला जाणारा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर: तापला की त्याचा रोध घटतो. एका प्रचलित प्रकारात 90 अंशांना सुमारे 51 ओहम, तर 100 अंशांना सुमारे 38. या सेन्सरला तार एकच. परतीची वाट सेन्सरच्या आट्यांमधून (स्क्रूसारख्या खाचांमधून) इंजिनाच्या धातूत. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली किंवा तिथे गंज चढला, तर वाटेत फुकटचे काही ओहम वाढतात. 100 अंशांना 5 ओहम जास्त झाले, तर गेज 96 च्या आसपास दाखवतो. 12-13 ओहम वाढले तर सरळ 90. चूक नेमकी घातक बाजूला, कारण आकडा खराखुऱ्यापेक्षा कमी दिसतो. उलट अर्थिंगची पट्टी (इंजिन आणि विमानाचा सांगाडा विजेसाठी जोडणारी) सैल असेल आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र) जोरात चार्ज करत असेल, तर काटा विनाकारण वर चढतो आणि वैमानिक निरोगी इंजिनाची काळजी करत बसतो. दोन तारांचा सेन्सर घेतला आणि परतीची तार थेट उपकरणाकडे नेली, की दोन्ही भानगडी मिटतात. खर्च किरकोळ आहे.

थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडातून तापमान मोजणारा सेन्सर) वापरणाऱ्यांची चूक वेगळी. त्याची तार शेवटपर्यंत त्याच मिश्रधातूची लागते. इंजिनाच्या खोलीत, 60 अंशांच्या जागी ती तांब्याच्या तारेला जोडली आणि कॉकपिटमध्ये 30 अंश असतील, तर गेज 30 अंशांनी कमी वाचतो.

तपासणीसाठी उकळतं पाणी सोयीचं. मात्र ते सगळीकडे 100 अंशांना उकळत नाही. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटरला उत्कलनबिंदू अंशभर घसरतो, म्हणून मुंबईत 100 तर पुण्यात 98 धरायचे. सेन्सर काढून, पण विमानाच्याच तारांना जोडलेला ठेवून, त्याचं टोक पाण्यात बुडवायचं आणि आट्यांवरून इंजिनाला तात्पुरती तार द्यायची. शेजारी एक भरवशाचा थर्मामीटर असावा. आट्यांचा आणि अर्थिंगचा दोष मात्र यात कळत नाही. त्यासाठी सेन्सर परत बसवून, इंजिन चालवून, तापमान स्थिरावू द्यायचं आणि लँडिंग लाइट, पंप, पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) एकेक करून सुरू करायचे. बटण दाबताच काटा सरकला, तर तापमान बदललेलं नाही. लिटरभर कूलंटही इतक्या झटपट तापत नाही. स्पॅनर घेऊन अर्थिंगचा बोल्ट आधी तपासावा.