अणुइंधन 25 वर्षं, पण जहाज नव्हे

‘अणुऊर्जेवरची विमानवाहू नौका 25 वर्षं बंदरात न येता फिरते’ हे चूक आहे. अमेरिकेच्या निमिट्झ वर्गातल्या नौकेवरच्या दोन अणुभट्ट्यांचं इंधन साधारण तेवढं पुरतं, एवढंच खरं. विमानांचं इंधन, अन्न आणि सुटे भाग मात्र भर समुद्रात पुरवठा जहाजांकडून वरचेवर घ्यावेच लागतात.

डेकवरची, विमान अडवणारी पोलादी तार बघा, जेमतेम दीड इंच जाड. उतरणारं प्रत्येक विमान तिला हिसका देतं, आतले धागे थकतात; म्हणून शंभर-सव्वाशे लँडिंगनंतर धडधाकट दिसली तरी ती बदलतातच. तुटली तर झटक्यात माणसांचे पाय जाऊ शकतात. पंपांची सीलं, व्हॉल्व्हचं पॅकिंगही झिजतं. आणि इंधन बदलायला व मोठ्या दुरुस्तीला याच वर्गातली ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ नौका 2017 ते 2023 गोदीतच होती.