पुसलेलं पातं पुन्हा ओलं कसं होतं?

“मामा, शप्पथ, मी पुसून ठेवलं होतं!”

भाचीचा हा फोन जुलैच्या शेवटी आला. पुण्यात ती सात वर्षं रोलर स्केटिंग करत होती. आपल्याकडून बर्फावर जाणारी मुलं बहुतेक याच वाटेने जातात. पुण्याची श्रुती कोतवाल अशीच चाकांवरून बर्फावर गेली आणि स्पीड स्केटिंगमध्ये देशाकडून उतरली. भाची शिकायला दिल्लीला गेली, तिथून तिने गुरुग्रामच्या मॉलमधली बर्फाची रिंक गाठली आणि कुणाकडून तरी जुने फिगर स्केट्स, म्हणजे तळाला पोलादी पातं असलेले बूट, विकत घेतले. आठ दिवसांत पात्यांवर तांबूस ठिपके. एका दुकानदाराने तिला बजावलं होतं की पात्यावर प्लास्टिकचं गार्ड, म्हणजे कडक आवरण, कायम चढवून ठेवायचं, “हवा लागली की गंज येतो.” तिने तसंच केलं. बर्फावरून उतरली, फडक्याने पाती पुसली, गार्ड चढवलं, बॅगेची चेन ओढली. दुसऱ्या दिवशी गार्ड काढलं तर आत पाणी.

माझी सगळी नोकरी पोलादाच्या कारखान्यात गेली. गंज म्हटलं की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. त्यामुळे फोन तासभर चालला.

तिचा पहिला संशय बर्फावरच होता. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो, तेच पाणी कुठेतरी फटीत राहिलं असणार, असं तिचं म्हणणं. हे दाबाचं प्रकरण आपण सगळेच ऐकत आलोय. जॉन जोली यांनी ते 1886 मध्ये मांडलं आणि पुढे कित्येक पाठ्यपुस्तकांत ते तसंच उतरत गेलं. पण जरा आकडे घालून बघा. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे 135 वातावरणांएवढा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 135 पट, दाब लागतो. भाचीचं वजन 50 किलो. पातं 4 मिलिमीटर जाड, तळाला किंचित गोलसर, म्हणून त्याचा समजा 5 सेंटिमीटर भाग बर्फाला टेकतो. क्षेत्रफळ झालं 2 चौरस सेंटिमीटर आणि दाब सुमारे 25 वातावरणं. म्हणजे वितळणबिंदू जेमतेम 0.2 अंश खाली. ती एका कडेवर कलली आणि दाब दहापट झाला तरी दोन अंशांच्या आतच. रिंकचा बर्फ असतो उणे 4-5 अंशांवर. शिवाय सपाट तळव्याच्या चपलेनेही माणूस बर्फावर धाडकन पडतोच, तिथे कसला आलाय दाब? बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते, हे आजचं उत्तर. त्यातही कशाचा वाटा किती, यावर अजून भांडणं चालू आहेत.

असो. बर्फावरचं पाणी तिने पुसलंच होतं. नंतरचं पाणी आलं हवेतून.

पावसाळ्यात फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो, तोच हा प्रकार. हवेत वाफ किती मावेल हे तापमानावर ठरतं. हवा गार होत गेली की एका तापमानाला तिची वाफ धरून ठेवायची ताकद संपते, आणि त्याखाली पाणी सुटायला लागतं. हा दवबिंदू. बाहेर 30 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 25 अंशांवर येतो. दिल्लीच्या जुलैत यात काही विशेष नाही. म्हणजे 25 अंशांहून गार असलेली कुठलीही वस्तू त्या हवेत ओली होणार. पातं तर शून्याच्या आसपासचं. मॉलच्या एसीत हवा जरा कोरडी असते, पण ही बया पाती गार असतानाच बॅग घेऊन पार्किंगमध्ये जाते.

आता माझा आवडता हिशोब. पाणी किती सुटेल? पात्याचं वजन 300 ग्रॅम धरू. एक ग्रॅम पोलाद एका अंशाने तापवायला 0.46 ज्यूल उष्णता लागते. शून्यापासून 25 अंशांपर्यंत यायला अख्ख्या पात्याला लागणार 300 गुणिले 0.46 गुणिले 25, म्हणजे 3450 ज्यूल. ही उष्णता पातं आणणार कुठून? हवेकडून. आणि हवा ती दोन तऱ्हांनी देते. एक तर नुसती ऊब. दुसरी अधिक चोरटी: वाफ पात्यावर बसून पाणी होते तेव्हा ग्रॅममागे सुमारे 2450 ज्यूल सोडून जाते. सगळी उष्णता याच वाटेने आली तर 3450 भागिले 2450, म्हणजे 1.4 ग्रॅम पाणी. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास काम नुसती ऊब करते, तेव्हा धरा पाऊण ग्रॅम. एका पात्यावर बारा-पंधरा थेंब, आणि तेही पातं खडखडीत पुसून झाल्यावर!

यातली गोम अशी की पातं पुसल्याने ते कोरडं होतं, गरम होत नाही. ते गार आहे तोवर पाणी गोळा करतच राहणार. दवबिंदूच्या वर आलं की मगच थेंब धरायचे थांबतात आणि उलटा व्यवहार सुरू होतो, थेंब उडून जायला लागतात. पण उडून जाणार कुठे? गार्डच्या आत चमचाभर हवा. ती दोन मिनिटांत वाफेने भरते आणि थेंब जागच्या जागी बसून राहतात. दुकानदाराचं वाक्य निम्मं खरं होतं. गंजाला हवा लागते, पण इतकी थोडी लागते की गार्डमधल्या फटीतून येणारीसुद्धा पुरते. पाणी मात्र गार्डने डांबून ठेवलं.

भाचीला पटेना, म्हणून मी घरीच करून पाहिलं. आईचा जुना अडकित्ता, विळीचं मोडकं पातं आणि एक जाड कानस असे तीन लोखंडी ऐवज रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले. (“सुपारी गार खायची आहे का?” इति आई, वय 84.) सकाळी तिन्ही बाहेर काढून पुसले. अडकित्ता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळला, विळीचं पातं पंच्यात, कानस उघडीच. ऑगस्टमधलं पुणं, बाहेर झिमझिम. कानशीवर पाहता पाहता धुकं धरलं, मग बारीक थेंब, आणि दीड तासाने ती पुन्हा कोरडी. पंच्याला हात लावला तर दमट लागत होता, आतलं पातं कोरडं. अडकित्त्याची पिशवी मात्र संध्याकाळीही आतून ओली होती आणि बिजागरीपाशी नारिंगी रेघ उमटली होती. आईने तो काढून घेतला, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. विळी धुवून, पुसून, तेलाचा हात लावून ठेवायची, हे तिला दवबिंदूशिवायच ठाऊक होतं.

म्हणून बर्फाच्या देशांतले स्केटर दोन प्रकारची आवरणं वापरतात. रबरी मॅटवरून किंवा फरशीवरून चालायला कडक गार्ड, आणि बॅगेत ठेवताना टॉवेलच्या कापडाची खोळ. गार्ड घरी करायचं तर बागेचा जाड पाईप उभा चिरून पात्यावर चढवतात आणि नाडीने बांधतात. दिसतं भयंकर, काम भागतं. खोळ मात्र घरची दुकानातल्या खोळीपेक्षा चांगली होऊ शकते आणि त्याला कारण आहे. सुताचा तंतू पाण्याला ओढून घेतो, तंतूंमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने ते पाणी कापडभर पसरतं. बारा थेंब जिथे बारा ठिकाणी बसून राहिले असते तिथे तेच पाणी तळहाताएवढ्या ओलसर कापडात पसरतं आणि भराभर वाळतं. बाजारातल्या पुष्कळ खोळी झुपकेदार, ससा-अस्वलाच्या तोंडाच्या असतात, पण आतून पॉलिएस्टर. पॉलिएस्टर पाणी पीत नाही. नवाकोरा टॉवेलही पीत नाही, कारण तो मऊ लागावा म्हणून त्यावर रसायनाचा हात दिलेला असतो. टॉवेल जितका जुना आणि जितक्या वेळा धुतलेला, तितका चांगला. धुताना कंडिशनर तेवढा घालायचा नाही, तो तंतूंवर पुन्हा तोच बुळबुळीत थर चढवतो.

मी शिवल्या त्या खोळी अशा: पात्याच्या लांबीपेक्षा दोन बोटं कमी, तोंडाशी इलॅस्टिक, तळाला टॉवेलचे दोन थर गोधडीसारखे धावदोऱ्याने जोडलेले. पहिली खोळ तिसऱ्या दिवशी फाटली. फिगर स्केटच्या पात्याला पुढे करवतीसारखे दाते असतात हे मी विसरलो होतो. दुसऱ्या खेपेला तिथे बाहेरून जुन्या जीन्सचा तुकडा लावला.

आता गंज नेमका तळालाच का धरतो ते सांगायला हवं. पात्याच्या दोन्ही बाजूंना क्रोमचा मुलामा असतो, पण तळ धार लावताना घासला जातो, म्हणून तिथे पोलाद उघडं. शिवाय तळ सपाट नसतो. त्यात लांबीभर एक उथळ खोबण कोरलेली असते, म्हणून तर एका पात्याला दोन कडा मिळतात. कोरणाऱ्या चाकाची त्रिज्या अर्धा इंच असेल तर 4 मिलिमीटर जाडीच्या पात्यावर खोबणीची खोली निघते सुमारे 0.16 मिलिमीटर. केसाच्या जाडीच्या दुप्पट म्हणा. वळताना, थांबताना बर्फ धरतात त्या या एवढ्याशा खोबणीच्या कडा. आणि पुसताना फडकं कडांवरून फिरतं, खोबणीत पाण्याचा पापुद्रा राहून जातो.

त्या पापुद्र्याखाली एक छोटी बॅटरीच चालू असते. थेंबाच्या काठाशी हवा जवळ, म्हणून तिथे प्राणवायू मुबलक. मध्यभागी तो कमी पोचतो. काठाशी प्राणवायू आणि पाणी इलेक्ट्रॉन मागतात, मध्यभागातलं लोखंड ते देतं आणि स्वतः लोहाचे आयन (विद्युतभारित अणू) होऊन पाण्यात उतरतं. इलेक्ट्रॉन धातूतून जातात, आयन पाण्यातून, मंडल पूर्ण. हे लोहाचे आयन आणि काठाकडून येणारे हायड्रॉक्सिल आयन मध्येच कुठेतरी भेटतात, आणखी प्राणवायू घेतात आणि तिथे गंजाचं कडं जमतं. म्हणजे लोखंड झिजतं एका जागी आणि गंज दिसतो दुसऱ्या जागी! यूलिक इव्हान्स या इंग्रज शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर हे दाखवलं. दोन रंगद्रव्यं घातली की थेंबाचा मध्य निळा होतो, काठ गुलाबी. शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येतं, कुणी करत नाही. इथपर्यंत भाचीने ऐकलं, मग म्हणाली, “मामा, लेक्चर आहे.” खरंच होतं की नाही, देव जाणे.

तिने पात्यांचा फोटो पाठवला होता, त्यात आणखी एक गोष्ट दिसली होती. डावं पातं बुटाला जोडणाऱ्या खांबाला काळा दोरा. मैत्रिणीने बांधला होता, पडू नये, दृष्ट लागू नये म्हणून. दोरा सुती. तो पाणी पितो आणि पात्याला आवळून बसल्याने वाळत नाही, तेव्हा सगळ्यात गडद ठिपका बरोबर त्या दोऱ्याखाली. दृष्ट लागली ती दोऱ्याचीच. गंजाला कायमची सुट्टी देणाऱ्या नॅनो फवाऱ्यांची जाहिरातही तिने पाठवली होती. उघड्या तळावर मारलेला थर बर्फावर घासून किती वेळ टिकणार, याचा विचार जाहिरातवाल्याने केलेला दिसत नाही.

घरी केलेली साधनं हा या खेळातला काही गरिबांचा उपाय नव्हे, खेळ सुरूच तिथून झाला. बाराव्या शतकातल्या लंडनचं वर्णन करताना विल्यम फिट्झस्टीफनने लिहून ठेवलंय की पोरं जनावरांच्या नडगीची हाडं पायाला बांधतात आणि लोखंडी टोकाच्या काठीने बर्फ रेटत सुसाट जातात. काठी लागायची, कारण हाडाला कडा नसते, पायाने बर्फ रेटताच येत नाही. हाडं गंजत मात्र नाहीत. पोलादी कडा आली आणि तिच्यामागून गंज आला. लडाखमध्ये आइस हॉकी रुजली तेव्हा लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून लोक खेळले. तिथल्या हिवाळ्यात बाहेरची हवा इतकी कोरडी की पात्याला घाम फुटत नाही. तेच बूट बुखारीवर, म्हणजे तिथल्या शेगडीवर, किटली उकळत असलेल्या खोलीत आणा, मग बघा.

मागच्या आठवड्यात नवी मागणी आली. उडी शिकतेय, सारखी माकडहाडावर पडतेय, तर पॅड शिवून दे. याचं गणित तोंडी होतं. कंबर 80 सेंटिमीटर उंचीवरून खाली येते. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, इतक्या पट गुरुत्वाचा धक्का बसतो. नुसत्या हाडामांसावर अर्धा सेंटिमीटर मिळाला तर 160 पट, मध्ये 2 सेंटिमीटर दबणारं काही घातलं तर 40 पट. अट एकच, ते शेवटपर्यंत हळूहळू दबलं पाहिजे. गादीतला स्पंज पटकन चपटा होतो आणि मग आपण थेट बर्फावर. योगाच्या चटईसारखा, बंद कप्प्यांचा फोम त्या मानाने कडक, प्रत्येक कप्प्यात हवा अडकलेली, तो टिच्चून विरोध करतो. पातळ चटईचे चार-पाच थर लागतील. हेल्मेट मात्र घरी करायचं नाही, ते विकतचंच, हे तिच्या आईसमोर तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

चटई कापून झाली. पाठीमागच्या पट्टीला माप हवंय, आणि भाची फोन उचलत नाहीये. लेक्चर असेल.