स्मिअरवर अँटिबॉडी: फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार ओळखण्याची पार्श्वभूमी

फुप्फुसाचा कर्करोग ‘स्मॉल सेल’ (लहान पेशींचा) आहे की नाही, एवढं रिपोर्टात लिहिलं की एके काळी काम भागायचं. असेल तर केमोथेरपी आणि रेडिएशन. नसेल आणि गाठ काढण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रिया. ‘नॉन-स्मॉल सेल’ या एकाच रकान्यात ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा) आणि स्क्वॅमस (चपट्या पेशींचा) हे दोन्ही प्रकार असत. औषधं दोघांना तीच, मग खोलात जायचं कशाला?

नव्या औषधांनी हा निवांतपणा संपवला. बेव्हासिझुमॅब या कर्करोगाच्या औषधाच्या सुरुवातीच्या चाचणीत स्क्वॅमसच्या काही रुग्णांना फुप्फुसातून जीवघेणा रक्तस्राव झाला, म्हणून २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती स्क्वॅमस वगळूनच. पेमेट्रेक्सेड या केमोथेरपीच्या औषधाचा फायदा स्क्वॅमस नसलेल्यांनाच होतो, हे २००८ मध्ये दिसलं. ईजीएफआर या जनुकातल्या ज्या बदलांवर गोळ्या लागू पडतात, ते २००४ मध्ये सापडले होतेच, आणि तेही मुख्यतः ॲडिनोकार्सिनोमात.

प्रकार ओळखायचं तंत्र मात्र जुनंच होतं: पेशीतल्या ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावायची आणि ती कुठे चिकटली ते रंगावरून पाहायचं. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला. गंमत म्हणजे त्यांचं लक्ष्य होतं न्यूमोनियाचे जंतू! १९६६ मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी चमकत्या रंगाऐवजी साधा रंग उमटवणारं एन्झाइम वापरलं, त्यामुळे साधा मायक्रोस्कोप पुरू लागला. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांच्या मोनोक्लोनल तंत्राने एकसारख्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या मिळू लागल्या.

खरी अडचण नमुन्याची. हा रोग बहुतेकदा उशिरा कळतो, शस्त्रक्रिया होत नाही, आणि हाती येतात फक्त सुईतून आलेल्या पेशी. अँटिबॉडी पारखलेल्या असतात फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या ऊतींवर. स्मिअर (काचेवर पसरलेला पेशींचा थर) मात्र अल्कोहोलमध्ये बुडवलेला किंवा हवेत वाळवलेला. त्यात पेशींचे गठ्ठे, रक्त, चिकट स्राव. शिवाय एका स्लाइडवर सहसा एकच अँटिबॉडी, आणि स्लाइड मोजक्या. यावर उपाय म्हणजे सेल ब्लॉक: सुईतला उरलेला ऐवज गोळा करून मेणात बसवायचा आणि त्याचे पातळ काप काढायचे. ब्लॉक नसेल, तर पॅप स्टेन (पेशी पाहण्यासाठीचा नेहमीचा रंग) झालेल्या स्लाइडवरचा पेशींचा थर सोलून, त्याचे तुकडे वेगवेगळ्या काचांवर चढवून प्रत्येकावर वेगळी अँटिबॉडी लावतात. हे काम फार चिकाटीचं, पण रुग्णाला दुसऱ्यांदा सुई टोचणं त्याने टळू शकतं.

२०११ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने लहान बायोप्सी आणि सायटोलॉजीसाठी (सुट्या पेशींच्या तपासणीसाठी) वेगळे नियम घातले: आधी पेशींचं रूप पाहा, शंका उरली तरच मोजक्या मार्करच्या (प्रकाराची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांच्या) अँटिबॉडी लावा, आणि जनुक-तपासणीसाठी नमुना राखून ठेवा. टीटीएफ-१ हा मार्कर असेल तर कल ॲडिनोकार्सिनोमाकडे, पी६३ असेल तर स्क्वॅमसकडे. पण पी६३ काही ॲडिनोकार्सिनोमांतही रंगतो, म्हणून अधिक नेमक्या पी४० ने त्याची जागा घेतली. टीटीएफ-१ सुद्धा थायरॉइडच्या आणि बऱ्याच स्मॉल सेल कर्करोगांत दिसतो. अँटिबॉडी चिकटल्याचा नुसता तपकिरी रंग बघून निदान लिहिणारा इथे हमखास फसतो.