मण्यांचे तोरण घरी करताना मणी अपुरे का पडतात?

आमच्या दुकानातून काचेचे मणी, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि लोलक नेऊन घरी तोरण करणाऱ्या ग्राहकांपैकी बरेच जण आठ-दहा दिवसांनी अर्धवट तोरण पिशवीत घालून परत येतात आणि "अगदी ह्याच रंगाची आणखी एक पुडी द्या" असे सांगतात. गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर तासगाव, विटा, जत येथून केवळ एवढ्यासाठी एस.टी.ने सांगलीला आलेली मंडळी आम्ही दररोज पाहतो, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना तरी तोच रंग आम्ही देऊ शकत नाही. हा हेलपाटा टळावा म्हणून हे माहितीपत्रक छापले आहे. सर ओवणे, चौकडी विणणे, टोकाला लोलक अडकवणे हे आपल्याला येते असे येथे गृहीत धरले आहे.

मणी अपुरे पडतात ते मोजण्याच्या एका सवयीमुळे. ज्यांनी पूर्वी प्लास्टिकच्या मोत्यांचे तोरण केले आहे, त्यांच्याकडूनच ही चूक अधिक होते, कारण मोती गोल असतो आणि ४ मि.मी.चा मोती दोऱ्यावरही ४ मि.मी. जागा घेतो. काचेचा बारीक मणी तसा नसतो. तो गुळगुळीत कडांच्या चपट्या कड्यासारखा असतो. त्याचे माप आडवे, म्हणजे रुंदीचे सांगितले जाते आणि ओवताना मात्र तो भोकाच्या दिशेने, म्हणजे जाडीने बसतो. ८ नंबरचा मणी सुमारे ३ मि.मी.चा असे ऐकून ग्राहक इंचाला आठ मणी धरतात, पण दोऱ्यावर इंचाला बारा-तेरा मणी बसतात. ११ नंबरचे साधारण अठरा ते वीस आणि ६ नंबरचे नऊ-दहा बसतात. नंबर जितका मोठा तितका मणी लहान, हे अनेकांना उलटे वाटते, म्हणून तेही येथे सांगून ठेवतो.

याचा हिशेब प्रत्यक्षात कसा चुकतो ते पाहावे. दार ३ फुटांचे आहे, दर दीड इंचाला एक सर सोडायचा आहे आणि प्रत्येक सर ५ इंचांचा आहे असे धरले, तर सर २५ होतात. इंचाला ८ मणी धरून १,००० मण्यांचा अंदाज निघतो आणि २५ ग्रॅमची एक पुडी पुरेल असे वाटते, कारण ८ नंबरचे मणी एका ग्रॅममध्ये ३५ ते ४० भरतात. प्रत्यक्षात एकेका सराला ६० याप्रमाणे १,५०० मणी लागतात, आणि सोळाव्या सराच्या आसपास पुडी रिकामी होते. यात सर जिला लोंबतात ती वरची विणलेली पट्टी अजून धरलेलीच नाही. काठेवाडी पद्धतीचे मोतीकाम करणाऱ्यांनी तर पांढऱ्या मण्यांचा वेगळा हिशेब करावा, कारण त्या कामात पोपट, हत्ती, फुले रंगीत असली तरी भोवतालची सगळी जमीन बहुधा पांढरी असते आणि तिलाच सर्वाधिक मणी लागतात.

म्हणून आमची विनंती अशी आहे की कागदावरच्या गणितावर विसंबून सगळे मणी एकदम नेऊ नयेत आणि थोडेथोडेही नेऊ नयेत. आधी थोडे सुटे मणी न्यावेत, घरी नमुन्याचा एक पूर्ण सर ओवावा, वरच्या पट्टीचा एक इंच विणावा, आणि दोन्ही घेऊन यावे. आम्ही मणी मोजून आणि नमुना काट्यावर ठेवून आपल्यासमोर हिशेब करून देतो, त्यास पैसे पडत नाहीत; मग सगळे मणी एकदम न्यावेत. विशेषतः पट्टीचा अंदाज तोंडी सांगणे आम्हालाही जमत नाही; चौकडी सैल की घट्ट यावर इंचामागे बराच फरक पडतो आणि तो हात ज्याचा त्याचा असतो. निघालेल्या आकड्यावर दहावा हिस्सा जास्त धरावा, कारण देशी मालात काही मणी वेडेवाकडे, काही बुजलेल्या भोकांचे निघतात. जपानी मणी एकसारखे असल्यामुळे त्यात वाया जाणे कमी असते. ते महाग आहेत, पण बारीक नक्षीसाठी मागणीप्रमाणे आणून देतो.

आता तोच रंग पुन्हा का मिळत नाही, हा प्रश्न. पुऱ्यांच्या दोन घाण्यांचा रंग तंतोतंत एक येत नाही, तसेच काचेचे आहे. प्रत्येक खेपेला वितळवलेल्या काचेची छटा किंचित वेगळी उतरते आणि वरून रंग दिलेल्या मण्यांत तर हा फरक अधिकच असतो. सुट्या पुडीत तो दिसत नाही. दारावर शेजारी शेजारी सर लोंबू लागले की मात्र लांबूनही कळतो. ट्यूबलाइटखाली रंग जुळवून नेलेला माल घरी उजेडात वेगळा दिसला, अशी तक्रार आम्ही ऐकली आहे, आणि तेव्हापासून रंग जुळवायचा असेल तर आम्ही ग्राहकांना पुडी घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात यायला सांगतो. यात वेळ जातो आणि काउंटरवर खोळंबा होतो, याची आम्हाला कल्पना आहे.

"दुकानदार जास्त माल गळ्यात मारतो" असे कोणाला वाटू नये म्हणून आमची पद्धत स्पष्ट करतो. एकाच खेपेची एक पुडी जादा न्यावी. ती न फोडलेली असेल, तर पावती दाखवून एका महिन्याच्या आत आम्ही ती पूर्ण किमतीला परत घेतो. फोडलेली पुडी मात्र परत घेत नाही. तीत दुसऱ्या खेपेचे दहा मणी जरी मिसळले, तरी पुढच्या ग्राहकाचे तोरण बिघडते, आणि त्याचा राग आमच्यावर निघतो. मणी नगावर न विकता वजनावर विकण्याचे कारणही हेच की हजार मणी मोजून देण्याची मजुरी शेवटी आपल्याच माथी पडेल.

तरीही मणी कमी पडलेच, तर नव्या खेपेचे मणी उरलेल्या सरांत सलग ओवू नयेत. तोरण एका बाजूने विटल्यासारखे दिसते. पट्टी अजून व्हायची असेल, तर नवे मणी तिच्यासाठी ठेवावेत. सरच अपुरे असतील, तर प्रत्येक सराचा खालचा एक इंच उसवून तेथे वेगळ्याच, ठळक रंगाचे मणी घालावेत आणि निघालेले जुने मणी उरलेल्या सरांना वापरावेत. वरच्या उदाहरणात पंधरा सरांतून असे १८० मणी सुटतात आणि पुढच्या दहा सरांनाही प्रत्येकी १२ मणी कमी लागतात. काम वाढते, परंतु फरक मुद्दाम केलेला दिसतो. दोन वेगळ्या खेपांच्या पुड्या सुरुवातीलाच हाती आल्या, तर त्या ताटात एकत्र कालवून मगच ओवायला बसावे.

दोऱ्याविषयी थोडे. शिलाईचा सुती दोरा काचेच्या कडेने कातरला जातो, म्हणून तंगूसच घ्यावा; ८ आणि ११ नंबरच्या मण्यांना ०.३० मि.मी.चा पुरतो. दोरा खाली जाऊन त्याच मण्यांतून वर परततो, त्यामुळे सराच्या दुप्पट लांबी आणि गाठींसाठी वीतभर जास्त धरावी. तंगूसची साधी गाठ सुटते. दोन वेढ्यांची गाठ मारून टोक पाच-सहा मण्यांतून मागे न्यावे. उदबत्तीने टोक जाळण्याची सवय पुष्कळांना आहे, पण त्याने शेजारचा प्लास्टिकचा मोती हमखास वितळतो. सर ओढून ताठ बसवू नये, एका मण्याएवढी सैल जागा सोडावी, म्हणजे तो काडीसारखा उभा न राहता लोंबतो.

सरांची लांबी ठरवताना बाहेरचे जाळीचे दार उघडून पाहावे. ते बाहेर उघडत असेल, तर गणेशपट्टीखालचे तोरण त्यात अडकते. पश्चिमेच्या दारासाठी वरून रंग दिलेले गुलाबी आणि जांभळे मणी आम्ही स्वतःहून देत नाही, कारण ते उन्हात उडतात. तेथे आतून रंगीत असलेल्या काचेचेच मणी न्यावेत. ऊन लागून तंगूसही काही वर्षांनी कडक होऊन तुटतो. असे तोरण टाकून देऊ नये, मणी चांगले असतील तर आम्ही ते नव्या दोऱ्यावर ओवून देतो. मात्र हे काम दिवाळीच्या महिन्यात घेतले जात नाही. नमुन्याचा सर आणताना त्याच्या वरच्या टोकाला गाठ मारू नये, चिकटपट्टी लावून आणावा, म्हणजे मणी मोजून झाल्यावर तोच सर तोरणात लावता येतो.