टर्नटेबलमागची रिकामी जागा

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात डोम टॉवर नावाचा चर्चचा जुना, उंच मनोरा आहे. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या घंटांवर ॲव्हिचीची गाणी वाजली, आणि खाली रस्त्याने जाणारे माना वर करून ऐकत थांबले. ॲव्हिची म्हणजे स्वीडनचा डीजे टिम बर्गलिंग. २० एप्रिलला तो मस्कतमध्ये गेला, वय २८. दुसऱ्या दिवशी स्टॉकहोमच्या सेर्गेल चौकात हजारो माणसं जमली, त्याची गाणी लावली आणि चक्क नाचली. माणूस गेल्यावर नाचायचं हे बाहेरच्याला खटकेल. पण डीजेंच्या या नाचाच्या संगीतात दुखवटा असाच पाळतात, आणि त्यामागे जवळपास चाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग कुणी नीट लिहूनही ठेवलेला नाही.

गायक गेला तरी आवाज मागे राहतो. डीजेचं तसं नाही. कोणत्या तबकडीनंतर कोणती लावली, बास कधी काढून घेतला आणि माणसं कासावीस झाल्यावर कधी परत सोडला, ही त्याची कला. ती पहाटेला संपते. सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कमध्ये ही कला घडत होती तेव्हा ती जपून ठेवायची गोष्ट आहे असं फारसं कुणाला वाटलंच नाही.

अपवाद म्हणून वॉल्टर गिबन्सकडे बघावं लागतं. क्लबात डीजे एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तालाचा आवडता तुकडा लांबवत असत. गिबन्सने तेच काम टेप कापून, जोडून स्टुडिओत केलं. १९७६ साली 'टेन पर्सेंट' हे चार-साडेचार मिनिटांचं गाणं त्याने दहा मिनिटांच्या घरात नेलं आणि साल्सोल कंपनीने ते बारा इंची सिंगल म्हणून बाजारात आणलं. दुकानात विकली गेलेली ही अशी पहिली तबकडी. आज ज्याला रिमिक्स म्हणतात त्याची एक मोठी वाट इथून निघते. गिबन्स १९९४ मध्ये एड्सने गेला, जेमतेम चाळिशीचा होता.

त्याच शहरात ८४ किंग स्ट्रीटवर, गाड्या ठेवायच्या एका जुन्या इमारतीत, १९७७ ते १९८७ पॅराडाइज गॅराज हा नाचाचा क्लब चालला. आत सभासदांनाच प्रवेश. दारू विकली जात नसे. गर्दी मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुणांची, आणि वर बूथमध्ये लॅरी लेव्हन. त्याच्याबद्दल तिथले जुने लोक दोन गोष्टी हटकून सांगतात. एक, रात्र ऐन रंगात आलेली असताना तो शिडी लावून वर चढायचा आणि आरशांचा गोळा पुसत बसायचा. खाली शेकडो माणसं वाट बघत उभी. दुसरी, टर्नटेबलच्या सुया-कार्ट्रिज तो रात्रभरात बदलत जायचा. सुरुवातीला साध्या, मग चांगल्या, सगळ्यात महागड्या अगदी शेवटी. म्हणजे पहाटेच्या सुमारास आवाज अचानक उजळल्यासारखा वाटायचा आणि का ते नाचणाऱ्याला कळायचं नाही. मला स्वतःला लेव्हनची थोरवी त्याच्या कोणत्याही गाजलेल्या मिक्सपेक्षा या सुयांमध्ये जास्त दिसते.

ही अशी गोष्ट तबकडीवर कशी उतरणार? ती फक्त तिथे असलेल्यांच्या आठवणीत राहू शकत होती. आणि नेमकी तीच माणसं जायला लागली.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली. एड्सचा हा पहिला अधिकृत उल्लेख. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत पॅट्रिक काउली आजारी पडला होता आणि त्याला काय झालंय हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. काउली सिंथेसायझरवाला. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक संगीत शिकलेला, काही काळ डिस्कोत दिव्यांचं काम केलेला. डोना समरच्या 'आय फील लव्ह'चा त्याने स्वतःच्या हौसेने केलेला पंधरा मिनिटांहून लांब मिक्स आधी डीजेंमध्येच हातोहात फिरत राहिला आणि कंपनीने तो रीतसर काढला १९८२ मध्ये. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला काउली गेला. वय ३२.

गायक सिल्व्हेस्टरच्या 'यू मेक मी फील (मायटी रिअल)' या १९७८ च्या गाण्यातले धावते सिंथेसायझर काउलीचेच. सिल्व्हेस्टर लहानपणी चर्चमध्ये गायलेला आणि त्याचा तो चढा, टिपेचा सूर शेवटपर्यंत चर्चचाच राहिला. फक्त कपडे झगमगीत झाले आणि जागा बदलली. १९८८ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड या समलिंगींच्या मिरवणुकीत तो व्हीलचेअरवर बसून सामील झाला. तोवर एड्स झालेले बहुतेक नामवंत आजार लपवत होते. याने अंग झडलेल्या अवस्थेत उन्हात, लोकांसमोर जायचं ठरवलं. १६ डिसेंबरला तो गेला, ४१ वर्षांचा. आपल्या गाण्यांची रॉयल्टी त्याने शहरातल्या एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे केली होती. डोक्यावर कर्ज होतं, त्यामुळे पैसे पोहोचायला वर्षं गेली.

वर्तमानपत्रांनी या मृत्यूंची फारशी दखल का घेतली नाही? एक कारण उघड आहे, आजार कुणाला होतोय त्यावरून लोक तोंड फिरवत होते. दुसरं कारण संगीताचंच. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांमधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली गेली आणि गर्दी मैदानात घुसली. त्यानंतर रेडिओने आणि मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे झपाट्याने पाठ फिरवली. ज्यांचं संगीतच निकालात काढलं होतं त्यांच्या मृत्यूला रकाना कोण देणार? मग आठवण ठेवण्याचं काम पडलं डान्स फ्लोअरवर, आणि फ्लोअरवरची माणसं आठवड्याआठवड्याने कमी होत होती. गेलेल्याबरोबर त्याची गोष्ट सांगणाराही जात होता. या इतिहासात जी भोकं आहेत ती यामुळे.

गॅराजची ध्वनियंत्रणा उभी करणारा रिचर्ड लाँग १९८६ मध्ये गेला, मालक मायकेल ब्रोडी १९८७ च्या डिसेंबरात, क्लब बंद झाल्यावर तीनच महिन्यांनी. मग १९९२ आलं. मार्चमध्ये रॉन हार्डी: शिकागोच्या म्युझिक बॉक्सचा डीजे, तबकड्या वेग वाढवून आणि टेप उलट्या फिरवून वाजवणारा. एप्रिलमध्ये आर्थर रसेल, चेलो वाजवता वाजवता डिस्को करणारा, वय ४०. नोव्हेंबरात लेव्हन. हेरॉइनने पोखरलेलं हृदय ३८ व्या वर्षी थांबलं. थोड्याच आधी तो जपानचा दौरा करून आला होता.

यांच्याबद्दल आज जे कळतं ते बहुतांशी टेप्समुळे. रसेलच्या न छापलेल्या टेप्सचा ढीग निघाला आणि २००४ पासून एकेक संग्रह येत गेला. काउलीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांना २०१३ नंतर दुसरा जन्म मिळाला. लेव्हनचं गॅराजमधलं १९७९ चं वाजवणं २०००मध्ये सीडीवर आलं. म्हणजे त्यांना ऐकून नाचणारी बरीच मुलं त्यांच्या मृत्यूच्या वेळी शाळेतही गेलेली नव्हती.

नव्वदीत आणखी एक विसर पडायला लागला, गायकांचा. गाणं जगभर वाजतं, नाव मात्र निर्मात्याचं किंवा ग्रुपचं. 'ला बूश'ची मेलनी थॉर्नटन त्यातल्या त्यात चेहऱ्याने ओळखली जायची. २४ नोव्हेंबर २००१ ला बर्लिनहून निघालेलं क्रॉसएअरचं विमान झुरिचजवळ कोसळलं, त्यात ती गेली. त्याच विमानात 'पॅशन फ्रूट' या ग्रुपमधल्या तिघीही होत्या, त्यातल्या दोघी गेल्या. रोमान्थनीचं नाव त्याहून कमी जणांना माहीत असेल. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'वन मोअर टाइम'मधला तो यंत्रातून गाळून आलेला आवाज त्याचा. ७ मे २०१३ ला तो ४५ व्या वर्षी गेला, तेव्हा डाफ्ट पंकचा नवा अल्बम दहा दिवसांवर होता आणि सगळी चर्चा त्याचीच.

तोवर धंद्याचं रूप पार बदललं होतं. लेव्हनने दहा वर्षं एकाच बूथमध्ये काढली. ॲव्हिचीच्या पिढीचा डीजे आज या खंडात तर उद्या त्या, मध्ये झोप विमानात. ॲव्हिचीने आठशेच्या वर कार्यक्रम केले. बाविसाव्या वर्षी, २०१२ मध्ये, स्वादुपिंडाच्या दुखण्याने तो रुग्णालयात होता. २०१४ मध्ये पित्ताशय आणि अपेंडिक्स काढावं लागलं. २०१६ मध्ये त्याने दौरे थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि त्या ऑगस्टमध्ये इबिझात शेवटचा कार्यक्रम केला. गाणी करणं त्याने सोडलं नव्हतं. अर्धवट राहिलेली गाणी त्याच्या जोडीदारांनी पुरी केली आणि जून २०१९ मध्ये ती 'टिम' नावाने आली. घरच्यांनी काढलेली संस्था तरुणांमधल्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करते.

५ डिसेंबर २०१९ ला स्टॉकहोमच्या फ्रेंड्स अरीनात त्याच्यासाठी कार्यक्रम झाला. मोठा वाद्यवृंद होता, अलो ब्लॅकसारखे मूळ गायक येऊन आपापली गाणी गायले. तबकड्यांवर आणि संगणकावर वाढलेलं संगीत माणसांनी हाताने वाजवून दाखवलं, कारण ज्याने ते वाजवायचं तोच नव्हता.

लेव्हनचा बालमित्र फ्रँकी नकल्स. शिकागोच्या वेअरहाउस क्लबने आधी लेव्हनला विचारलं होतं. तो न्यू यॉर्क सोडायला तयार झाला नाही, म्हणून १९७७ मध्ये नकल्स गेला. त्या क्लबच्या नावावरूनच पुढे 'हाउस' हे या प्रकारच्या संगीताचं नाव आलं. नकल्सला मधुमेह होता, त्यात एक पाऊलही गमवावं लागलं, तरी तो वाजवत राहिला आणि ३१ मार्च २०१४ ला ५९ व्या वर्षी गेला. त्याचं नशीब एवढंच बरं की वेअरहाउस होतं त्या जेफर्सन स्ट्रीटच्या भागाला २००४ मध्येच त्याचं नाव दिलं गेलं आणि पाटी त्याने स्वतः पाहिली. वेअरहाउसच्या इमारतीला शहराने ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला तो २०२३ मध्ये. नकल्स गेल्यानंतर सहा आठवड्यांनी न्यू यॉर्कच्या किंग स्ट्रीटवर लेव्हनच्या आठवणीत भर रस्त्यात लोक जमले होते. स्पीकर बाहेर लावलेले, पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं नाचत होती आणि ८४ नंबरचं दार बंद होतं.