ऑनलाइन पुस्तकविक्रीची पहिली वर्षे : स्पर्धा आणि गुंतवणूकदारांच्या शंका

ॲमेझॉनच्या सुरुवातीच्या काळात तिच्याविषयी शंका घेणाऱ्यांना अदूरदर्शी ठरवून मोकळे होण्याची आता पद्धतच पडली आहे. पण १९९५ ते २००१ या काळातले आकडे पाहिले, तर त्यांपैकी बऱ्याच शंका रास्त होत्या, असेच म्हणावे लागते.

संगणकावरून पुस्तके विकण्याची कल्पना मुळात ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांची नव्हे. क्लीव्हलँडचे चार्ल्स स्टॅक यांनी १९९२ मध्येच मोडेमवरून मागणी घेणारे ‘बुक स्टॅक्स अनलिमिटेड’ सुरू केले होते. बेझोस यांनी जुलै १९९५ मध्ये सिॲटलहून विक्री सुरू केली, तिच्यामागचा हिशेब असा होता, की ग्राहकाचे पैसे कार्डावरून लगेच मिळतात, पुस्तक घाऊक वितरकाकडून त्यानंतर मागवायचे असते आणि वितरकाचे देणे उधारीच्या मुदतीत फेडता येते. म्हणजे माल पडून राहत नाही आणि खेळते भांडवल ग्राहकच पुरवतो. वितरकाची अट किमान दहा पुस्तकांची होती. त्यावर तोड म्हणून हवे असलेले एक पुस्तक आणि यादीत असूनही शिल्लक नसलेल्या, दगडफुलावरच्या एका पुस्तकाच्या नऊ प्रती अशी मागणी नोंदवली जाई व हवे तेवढे एकच पुस्तक हाती येई, असे बेझोस यांनीच पुढे सांगितले आहे.

तरीही पहिले दहा लाख डॉलर उभे करण्यासाठी त्यांना सुमारे साठ जणांना गळ घालावी लागली आणि त्यांतल्या बहुतेकांनी नकार दिला. १९९६ मध्ये क्लायनर पर्किन्स या नव्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या गुंतवणूक संस्थेने ८० लाख डॉलर गुंतवल्यावर शंकेचे स्वरूप बदलले; आता प्रश्न मोठ्या स्पर्धकापुढे टिकण्याचा होता. त्या वर्षी ॲमेझॉनची विक्री होती १ कोटी ५७ लाख डॉलर, तर बार्न्स अँड नोबल या अमेरिकेतल्या मोठ्या पुस्तक-दुकानसाखळीची दोन अब्जांहून अधिक. मे १९९७ मध्ये ॲमेझॉनचे समभाग १८ डॉलरना बाजारात येण्याच्या तीनच दिवस आधी बार्न्स अँड नोबलने ‘पृथ्वीवरील सर्वांत मोठे पुस्तकांचे दुकान’ या तिच्या दाव्याविरुद्ध खटला भरला आणि त्याच महिन्यात स्वतःचे संकेतस्थळही उघडले. फॉरेस्टर या संशोधन संस्थेचे प्रमुख जॉर्ज कॉलनी यांनी तर ॲमेझॉनचा निकाल लागल्यातच जमा धरला होता.

नोव्हेंबर १९९८ मध्ये बार्न्स अँड नोबलने इन्ग्रॅम ही वितरक कंपनी ६० कोटी डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. ॲमेझॉनची सर्वांत मोठी पुरवठादार इन्ग्रॅमच; म्हणजे प्रतिस्पर्ध्याने थेट रसदच ताब्यात घेण्याचा घाट घातला होता. नियामकांच्या विरोधामुळे जून १९९९ मध्ये हा व्यवहार बारगळला, पण एव्हाना ॲमेझॉन नेवाडा, कॅन्सस, केंटकी अशा ठिकाणी स्वतःची प्रचंड गोदामे उभारू लागली होती. माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. ‘आम्हाला साठा करावा लागत नाही’ हे गुंतवणूकदारांना दिलेले मूळ उत्तर स्पर्धेच्या रेट्यात आणि पुस्तकांपलीकडे जाण्याच्या घाईत तिने आपणच मोडीत काढले, आणि त्यासाठी १९९९ च्या आरंभी १२५ कोटी डॉलरचे परिवर्तनीय (पुढे समभागांत बदलता येणारे) कर्जरोखे विकले. त्यामुळे त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘बॅरन्स’ साप्ताहिकाने ‘ॲमेझॉन डॉट बॉम्ब’ असा मथळा दिला आणि जून २००० मध्ये लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेचे विश्लेषक रवी सुरिया यांनी रोखतेवर (हाताशी असलेल्या रोख पैशावर) व खेळत्या भांडवलावर बोट ठेवले, यात आकस शोधण्याचे कारण नाही. २००० सालचा तोटा १४१ कोटी डॉलरचा होता. डिसेंबर १९९९ मध्ये शंभरी ओलांडलेला समभाग २००१ च्या शरद ऋतूत सहा डॉलरच्या आसपास आला.

जानेवारी २००१ मध्ये १,३०० जणांना कामावरून कमी केल्यानंतर त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत कंपनीला पहिला नफा झाला, तो समभागामागे एक सेंट. बॉर्डर्स या दुसऱ्या मोठ्या दुकानसाखळीने आपली ऑनलाइन विक्री त्याच वर्षी ॲमेझॉनकडे सोपवली. बार्न्स अँड नोबलने ऑनलाइन विभागाची वेगळी कंपनी केली होती, त्यामुळे शेकडो दुकानांचे बळ त्या विभागाच्या पुरेसे कामी आले नाही. या वेगळ्या कंपनीचेही समभाग १९९९ मध्ये १८ डॉलरनाच विकले गेले होते. २००४ मध्ये मूळ कंपनीने जनतेकडचे उरलेले समभाग तीन डॉलरच्या आसपास परत घेतले.